चाळीस डिग्रीचं पाव्हणं

रंगनाथअण्णांना चहा दिला की ते आधी तो मोजतात.

शर्टाच्या ज्या खिशात इतर माणसं पेन ठेवतात, त्या खिशात अण्णांचा काचेचा थर्मामीटर असतो. कप हातात आला की तो बाहेर निघतो, स्वच्छ रुमालानं पुसला जातो, चहात बुडतो आणि अण्णा चष्मा कपाळावर चढवून पारा वाचतात. "एकाहत्तर. जरा दम धरा." मग आम्ही सगळे दम धरतो. पारा साठावर उतरला की अण्णा दोन घोटांत कप रिकामा करतात आणि माझ्या बायकोला सांगतात, "वहिनी, चहा झ्याक." पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा सुनंदाला वाटलं, आपण चहात काहीतरी कालवलंय अशी या माणसाला शंका आहे. दोन दिवस ती माझ्याशीच नीट बोलत नव्हती, कारण अण्णांना घरात आणणारा मी.

घोडेगावात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो, म्हणजे माझा सगळा प्रपंच विशेषणांवर चालतो. अण्णांचा विशेषणांवर काडीचा विश्वास नाही. सकाळी अंगणात मी हात चोळत म्हटलं, "अण्णा, आज लई थंडी आहे," की उत्तर ठरलेलं.

"लई म्हंजी किती?"

या प्रश्नापुढे मी कित्येक हिवाळे गप्प झालो. आता मी आधी त्यांच्या ओट्यावर टांगलेला थर्मामीटर वाचतो आणि मगच कुडकुडतो. हा प्रश्न ते कुणालाही विचारतात. आमच्या गावचा जनावरांचा बाजार मोठा. तिथं कुणी व्यापारी म्हणाला, "लई दुधाची गाय हाय," की अण्णांनी विचारलंच, "लई म्हंजी किती?" गाय घेणारे त्यांना मुद्दाम सोबत नेतात आणि व्यापारी त्यांना लांबून पाहिलं की गायीचं तोंड दुसरीकडे वळवतात. एकदा तर दशक्रियेला कुणीतरी म्हणालं, "लई वाईट झालं बघा." अण्णा माझ्या शेजारी बसले होते. त्यांचे ओठ हलले, मला स्पष्ट दिसले. पण त्यांनी तो प्रश्न गिळला. संयमाची एवढी मोठी कसरत मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

हा आजार त्यांना नोकरीत जडला. दूध शीतकरण केंद्रावर त्यांनी बत्तीस वर्षं मशीन सांभाळलं. आजूबाजूच्या गावांतून दूध यायचं ते गायीच्या अंगाची ऊब घेऊन, आणि अण्णांचं काम एकच: ते चार डिग्रीवर आणायचं आणि टँकर येईपर्यंत तिथंच ठेवायचं. एका मे महिन्यात भर दुपारी केंद्राचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि त्याच मुहूर्तावर जनरेटरही रुसला. टाकीत पाच गावांचं दूध. साहेब घाम पुसत नुसते फेऱ्या मारत होते. अण्णांनी एक टेम्पो पकडला, बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या, पोत्यांत घालून फोडल्या आणि टाकीभोवती रचल्या. संध्याकाळी टँकर भरला तेव्हा दूध पाच डिग्रीवर होतं. लोकांनी अण्णांना हार घातला. तो काढून हातात घेत अण्णा म्हणाले, "चार पायजे हुतं." त्या दिवसापासून मी या माणसाची टिंगल करतो ती जरा दबकून करतो.

असा हा थंडीचा राखणदार. आणि गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या गळ्यात पडलं ते चाळीस डिग्रीचं पाव्हणं.

त्यांची मुलगी प्राजक्ता माझी विद्यार्थिनी. निबंधात एकही उपमा न वापरता पहिली येणारी माझ्या आठवणीतली एकमेव मुलगी, रक्त बापाचंच. पुण्यात इंजिनिअर झाली, तिथंच नोकरीला लागली आणि एकटीला सोबत म्हणून तिनं एक सरडा पाळला. आपल्या कुंपणावरचा नव्हे. मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, गळ्याखाली काटेरी दाढी. राग आला की ती दाढी काळी करतो. मग प्राजक्ताला जर्मनीत नोकरी लागली. सरड्याला तिकडे नेता येईना, म्हणून काचेची चार फुटी पेटी, दिवे आणि सरडा टेम्पोत घालून तिनं घोडेगावला आणला. तिनं त्याचं नाव 'मफिन' ठेवलं होतं. अण्णांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, नाद सोडला आणि त्याला 'पाव्हणं' म्हणायला लागले.

मी पालीलाही घाबरतो. त्यामुळे पहिले आठ दिवस मी अण्णांशी दारातूनच बोललो. गावात मात्र बातमी फुटली की रंगनाथअण्णा दरंदल्यांनी घोरपड पाळली. सांधेदुखीवर तेल मिळेल का, असं विचारत दोघं-तिघं येऊन गेले. परदेशी जातीचा प्राणी रीतसर नोंदवावा लागतो, तो कागद प्राजक्तानं केलेलाच होता. अण्णांनी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालून दारावर टांगला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "ही घोरपड नाही. तेल निघत नाही."

जाण्याआधी प्राजक्तानं बापाला सगळं समजावलं. मी दारात उभा होतोच. "अण्णा, याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ती आपण बाहेरून द्यायची. पेटीच्या या टोकाला, दिव्याखाली, चाळीस. त्या टोकाला सव्वीस. रात्री वीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही. हे सांभाळायला थर्मोस्टॅट लागतो. जुना टेम्पोत आपटून गेला, नवा चांगला बघून घ्यावा लागेल. जमेल ना? नाहीतर माझी पुण्यातली मैत्रीण याला न्यायला तयार आहे."

"बत्तीस वर्षं काय केलं मग मी?" अण्णा म्हणाले.

आणि ते खरंच होतं. थर्मोस्टॅट म्हणजे अण्णांच्या घरचं माणूस. निवृत्त होताना भंगारात निघालेला केंद्रावरचा एक थर्मोस्टॅट त्यांनी हौसेनं विकत घेऊन ठेवला होता. प्राजक्ताचं विमान उडालं त्याच दिवशी त्यांनी तो ट्रंकेतून काढला, पुसला, चाळीसवर लावला आणि सरड्याचा दिवा त्याला जोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागेना. बल्ब गेला असेल म्हणून त्यांनी दुसरा आणला. तोही लागेना. तोवर दुपार झाली, पडवीत ऑक्टोबरचं ऊन आलं, काचेची पेटी तापली आणि दिवा एकदम पेटला.

अण्णांना आनंद झाला. सुरू झालं म्हणून ते तोंड धुवायला मोरीवर गेले. परत आले तर सरडा पेटीच्या दूरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून, तोंड वासून पडलेला आणि दिवा जोमात. पेटी जितकी तापत होती तितका दिवा निष्ठेनं जळत होता. कारण तो थर्मोस्टॅट दुधाचा होता. गरम झालं की मशीन चालू, गार झालं की बंद, एवढंच त्याला शिकवलेलं. बत्तीस वर्षं अण्णांनी जे बरोबर केलं, तेच त्या दिवशी उलटं पडलं. अशी चूक दूध केंद्रावरचा माणूसच करू जाणे.

मी आरडाओरडा ऐकून धावलो. म्हणजे अण्णा ओरडत नव्हते, मीच ओरडत होतो. त्यांनी पिन उपटली, सरड्याला दोन्ही तळहातांवर घेतलं आणि कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसले. ट्रान्सफॉर्मर जळाला त्या दिवशी ज्यांचा आवाजसुद्धा हलला नव्हता, ते आता त्याच्यावर एकसारखी फुंकर घालत होते. अर्ध्या तासानं सरड्यानं तोंड मिटलं, एक डोळा उघडून अण्णांकडे पाहिलं आणि दाढी काळी केली. "चिडलंय," अण्णा म्हणाले, "म्हंजी जगतंय."

मग त्यांनी मला जे थक्क केलं ते सांगतो. सरडा वाचला होता. मुलगी सात समुद्रांपलीकडे. कुणी काही विचारलं नव्हतं, पाहणारा मी एकटा, आणि मी शपथेवर गप्प बसलो असतो. अण्णांनी खिशातून मोबाईल काढून तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण त्यांना कानाशी धरून बोलता येत नाही.

"प्राजे, एकोनपन्नास डिग्री. तेरा मिनटं. चूक माजी हाय."

 तिकडून ती हळू म्हणाली, "अण्णा, राहू द्या. तुम्हाला कशाला त्रास? मैत्रीण येऊन घेऊन जाईल त्याला."

"पंधरा दिवस दे मला," अण्णा म्हणाले. त्या माणसाला मी साहेबाकडे रजासुद्धा मागताना पाहिलेलं नाही. "पंधरा दिसांत नीट थर्मोस्टॅट लावतो. न्हाई जमलं तर न्हे."

चुका सगळी दुनिया करते. मीही करतो, आणि त्या झाकायला मला चांगलं मराठी येतं. पण मिनिटांसकट स्वतःची चूक वाचून दाखवणारा माणूस आपल्या भिंतीपलीकडे राहतो, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. मी पहिल्यांदा दार ओलांडून पडवीत जाऊन बसलो. पाव्हण्यानं मला पाहून एक हात वर केला. हा त्यांचा नमस्कार असतो म्हणे. मी पण केला.

पुढचे पंधरा दिवस अण्णांनी थर्मोस्टॅट निवडला. लोक मुलीला स्थळ निवडतात तेव्हा इतकी चौकशी करत नाहीत. पहिला आणला तो बाजारात अंडी उबवायची यंत्रं विकणाऱ्याकडून. त्या भल्या माणसाला अण्णांनी विचारलं, "चालू कधी हुतो, बंद कधी हुतो, मधला फरक किती?" तो म्हणाला, "फरक लई न्हाई, अण्णा." पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तासाभरानं त्यानं थर्मोस्टॅट तपासून बघायला फुकट देऊन टाकला.

पेटीला तो लावला आणि अण्णा त्यापुढे वही घेऊन बसले. हा थर्मोस्टॅट दिवा एकतर पूर्ण लावायचा नाहीतर पूर्ण विझवायचा. एकोणचाळीसला फटकन उजेड, एक्केचाळीसला फटकन अंधार. सरडा दर वेळी दचकून मान वर करायचा. दोन दिवसांनी अण्णांनी निकाल दिला. "अंड्याला चालंल, ते आत झोपलेलं असतंय. पाव्हण्याला वाटतंय, दिवसातनं चाळीस येळा सूर्य उगवतोय. खुळं हुईल ते."

दुसरा पुण्याहून कुरिअरनं आला. तो दिवा विझवायचा नाही, मंद करायचा. गरम व्हायला लागलं की उजेड हळूहळू ओसरायचा, गार व्हायला लागलं की हळूहळू चढायचा. अण्णांनी काचेचा थर्मामीटर आत ठेवून दर दहा मिनिटांनी आकडा लिहिला. दिवसभर. चाळीस, चाळीस, चाळीस पूर्णांक दोन, चाळीस. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून ते पान दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "सर, याला म्हन्त्यात थर्मोस्टॅट. आमच्या केंद्रावर ह्यो असता तर त्या दिवशी चार भरलं असतं." मग आम्ही दोघं, एक मराठीचा शिक्षक आणि एक निवृत्त ऑपरेटर, खुर्च्या टाकून तो दिवा बघत बसलो. लोक क्रिकेट बघतात तसे. मला तो उजेड चढता-उतरता बघून खरंच बरं वाटलं. एखादं काम इतकं हलक्या हातानं करता येतं हे मला माहीत नव्हतं.

मी समजलो, प्रश्न मिटला. पण तेराव्या दिवशी तिसरं खोकं आलं. हाही दिवा मंदच करायचा, पण याला मोबाईलची जोड होती. पेटीतल्या सेन्सरला लागलेलं तापमान जगात कुठंही बसून फोनवर दिसणार, त्याची रेघ उमटणार, आणि ठरवल्या मर्यादेच्या खाली गेलं तर फोनमध्ये अलार्म वाजणार. अण्णांनी त्याचीही परीक्षा घेतली. तो थर्मोस्टॅट एक डिग्री इकडं, एक डिग्री तिकडं डुलायचा आणि स्वतःचा आकडासुद्धा पाऊण डिग्री चुकीचा सांगायचा. मी म्हटलं, "हा तर नापासच."

अण्णांनी तो ठेवला. अर्ध्या डिग्रीचाही फरक न करणारा पुण्याचा त्यांनी खोक्यात भरून परत पाठवला.

माझा कानांवर विश्वास बसेना. "अहो अण्णा, तुम्ही पाच डिग्रीच्या दुधाचा हार काढून ठेवलात, आणि आता?"

"एक डिग्री पाव्हणं सोसतंय," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. "प्राजीला तिकडनं दिसलं पायजे."

मला ते पटलं. तेरा मिनिटांची चूक केलेला माणूस, आता पारदर्शक कारभार करू पाहतो, असं मी सुनंदाला समजावलं. तिनं फक्त "हं" केलं. पंधराव्या दिवशी प्राजक्तानं जर्मनीत बसून रेघ पाहिली, दिवसभर पाहिली, आणि निरोप पाठवला: "अण्णा, राहू दे त्याला तुमच्याकडेच." अण्णांनी तो निरोप मला वाचून दाखवला, मग पुन्हा एकदा वाचून दाखवला, आणि पेढे आणायला स्वतः स्टँडवर गेले.

पाव्हणं राहिलं. डिसेंबरात लाइनच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज गेली, इन्व्हर्टर दुपारी दमला आणि पेटी गार व्हायला लागली. अण्णांनी चूल पेटवून पाणी तापवलं, बाटल्यांत भरलं, बाटल्यांना फडकी गुंडाळली आणि दर चाळीस मिनिटांनी बदलत संध्याकाळपर्यंत पेटीत ठेवत राहिले. मी दोनदा म्हटलं, आता बसा जरा. ते म्हणाले, "त्याला आपली आपली ऊब आसती तर बसलो असतो." सरडा त्या बाटलीवर पोट टेकवून पडला होता आणि त्याच्या तोंडावर मला चक्क समाधान दिसलं. सरड्याचं समाधान ओळखण्यापर्यंत माझी प्रगती झाली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी सुनंदानं शेवग्याच्या शेंगांची आमटी दिली, ती घेऊन मी साडेबाराच्या सुमारास अण्णांकडे गेलो. दार उघडंच होतं. सरडा खिडकीतल्या उन्हात, अण्णांच्या उपरण्यावर पसरला होता. दिव्याची पिन काढून ठेवली होती. पेटीतली सेन्सरची वायर बाहेर ओढलेली, आणि तिचं टोक माठातल्या पाण्यानं भरलेल्या स्टीलच्या पेल्यात बुडवलेलं. अण्णा त्यापुढे मांडी घालून, मांडीवर मोबाईल ठेवून बसले होते.

"अण्णा, बिघडला का काय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. अण्णांनी दोन वेळा वाजू दिला, मग स्पीकर लावला.

"अण्णा, अहो अलार्म वाजला. सोळा दाखवतंय. काय झालं?"

"सोळा?" अण्णा म्हणाले. जन्मात खोटं न बोललेला माणूस किती वाईट खोटं बोलतो ते मी त्या दिवशी ऐकलं. "आसं व्हय? थांब, बघतो. वायर सुटली आसंल. पाव्हणं बरं हाय, उनात बसलंय. तू जेवलीस का?"

मग ती बोलायला लागली. आधी सरड्याचं. मग तिनं पिठलं केलं आणि ते भांड्याला कसं लागलं ते. मग घरमालकीण कशी जिन्यात चपला मोजते, ऑफिसात कोण कसं बोललं, बर्फात पाय घसरून कशी पडली. अण्णा नुसतं "व्हय?" आणि "मग?" म्हणत होते. आकडा एकही विचारला नाही. मी आमटीचं पातेलं हातात धरून तसाच उभा होतो. अर्ध्या तासानं फोन संपला. अण्णांनी सेन्सर पेल्यातून काढला, रुमालानं कोरडा केला, पेटीत जागेवर बसवला, दिव्याची पिन लावली, सरड्याला उचलून आत ठेवलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"ही गेली तवा प्राजी दर रविवारी फोन करायची," ते म्हणाले. ही म्हणजे सिंधूवहिनी, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. "मग पंधरा दिसांनी. मग नुसतं अंगठ्याचं चित्र यायला लागलं. तिचा दोष न्हाई, कामं आसत्यात. मी फोन केला तर उचलती बिचारी. बरं हाय का, औषध घेतलं का, ठेवते. एक मिनिट चाळीस सेकंद. पाव्हण्याचा अलार्म वाजला की तीस मिनटं." त्यांनी पेल्यातलं पाणी तुळशीला घातलं. "तिला सांगू नका, सर."

"नाही सांगत," मी म्हणालो. एवढी विशेषणं पाठ असून एकही वेळेला उपयोगी पडलं नाही. पंधरा दिवस हा माणूस कसला थर्मोस्टॅट निवडत होता ते मला तेव्हा कळलं, आणि सुनंदाला बहुतेक त्या दिवशी "हं" म्हणतानाच कळलं होतं.

फेब्रुवारीत प्राजक्ताचा मला फोन आला. बापाचा खोकला तिला फोनवर ऐकू आला होता, डॉक्टरकडे न्याल का, असं विचारत होती. नेतो म्हणालो. मग ती म्हणाली, "आणि सर, तुम्ही त्यांना रविवारी भेटता का?" मी चाचरलो. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण स्वतःच्या विद्यार्थ्यांशी जमत नाही.

"सर, मला माहीत आहे," ती म्हणाली. "रेघ अडतीसवरून सोळावर येते, एका मिनिटात, सरळ खाली. काचेची पेटी अशी थंड होत नाही, कितीही गारठा असला तरी. आणि दर रविवारी, तुमच्याकडच्या साडेबारालाच. पहिल्या वेळी मी घाबरून फोन केला. दुसऱ्या वेळी रेघ नीट पाहिली आणि आधी रडून घेतलं, मग फोन केला."

माझ्यातला शिक्षक जागा झाला. "मग बाई, तूच का नाही करत आपणहून आधी?"

"केला होता. एका रविवारी मुद्दाम बाराला केला. अण्णा म्हणाले, 'सगळं बरं हाय, तू कामात आसशील, ठेवतो.' एका मिनिटात ठेवला. आणि अर्ध्या तासानं अलार्म वाजला." ती हसली, पण आवाज ओला होता. "त्यांना बोलायला काहीतरी कारण लागतं, सर. नुसतं बोलावंसं वाटलं म्हणून बोलायला त्यांना लाज वाटते. तुम्ही सांगू नका त्यांना. मी रविवारी सकाळी कुठंच जात नाही आता."

दोघांनीही मला एकमेकांपासून लपवायला एकच गोष्ट दिली आहे, आणि मी ती सांभाळतो. त्या दोघांपुढे मला फार लहान वाटतं. माझे मुलगे नगरला असतात, तासाभरावर, आणि आम्ही एकमेकांना चित्रं पाठवतो.

एप्रिल आला. आमच्याकडचा एप्रिल काय असतो ते वेगळं सांगायला नको. अलार्मची वीसची मर्यादा प्राजक्तानं तिच्या फोनवरून लावलेली, ती अण्णांना बदलता येत नाही. आणि अण्णांच्या घरी फ्रिज नाही, एकट्याला काय करायचाय म्हणून त्यांनी तो वहिनी गेल्यावर बहिणीला देऊन टाकला. एका रविवारी सव्वाबारा वाजता ते रिकामा पेला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. कपाळावर घाम होता आणि ते सुनंदाकडे बघत नव्हते.

"वहिनी, माठातलं पानी चोवीसच्या खाली येईना. फ्रिजमधलं मिळंल का, पेलाभर?"

कशाला, असं सुनंदानं विचारलं नाही. तिनं पेला भरला. "बर्फ टाकू का, अण्णा?"

"टाका दोन खडे."

तिनं चार टाकले. अण्णा पेल्यावर तळहात धरून, पाणी सांडू न देता, भराभर अंगण ओलांडून गेले. सुनंदानं गॅसवरची कढई उतरवून गॅस बंद केला, मी टीव्हीचा आवाज बंद केला, आणि आम्ही दोघं भिंतीकडे कान देऊन बसलो. थोड्या वेळानं पलीकडे फोन वाजला.